पडलेल्या माडांची घरे : योलांडा वादळानंतरचे लेयते आणि सामार

माडाचे लाकूड घराच्या सांगाड्याला चालते का, असे कोकणात विचारले तर दोन उत्तरे मिळतात. ज्यांच्या जुन्या घराला माडाचे वासे आहेत ते सांगतात की आज्याच्या वेळचे वासे आजही ठणठणीत आहेत, खिळा मारायला गेले तर खिळाच वाकतो. ज्यांनी वादळात पडलेला माड चिरून गोठ्याला खांब लावले ते सांगतात की दोन पावसाळ्यांत खांब तळातून भुसभुशीत झाले. दोघेही खरे बोलतात. दोघांच्या हाती आलेले लाकूड एकाच झाडाचेही असू शकेल. माड दिसायला एक झाड, पण त्यातून निघणारे लाकूड एक प्रकारचे नसते. कुठला तुकडा वाशाला, कुठला आतल्या फळीला आणि कुठला चुलीला, हे चिरतानाच ठरते. तिथे चुकले की पुढे कितीही चांगला सुतार आणला तरी ते घर मजबूत होत नाही.

ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर पारखली गेली ती फिलिपिन्समध्ये, २०१३च्या वादळानंतर. आपल्या किनाऱ्यावर आता दर दोन-चार वर्षांनी वादळ येते आहे, म्हणून ते प्रकरण नीट समजून घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते.

वादळ आणि जमिनीवर आडवे झालेले लाकूड

८ नोव्हेंबर २०१३च्या पहाटे हैयान चक्रीवादळ पूर्व सामार प्रांतातल्या गिवान इथे किनाऱ्याला धडकले. फिलिपिन्समध्ये या वादळाला योलांडा म्हणतात. अमेरिकी लष्करी हवामान केंद्राच्या अंदाजाप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी ३१५ किलोमीटरपर्यंत गेला होता. लेयते बेटावरच्या ताक्लोबान शहरात समुद्राचे पाणी घरांच्या छपरांपर्यंत चढले. मृतांचा अधिकृत आकडा ६,३०० आहे. ११ लाखांवर घरांचे नुकसान झाले आणि त्यांतली जवळजवळ निम्मी पूर्ण जमीनदोस्त झाली.

सामार आणि लेयते ही बेटे नारळाची. डोंगरउतारांवर, किनाऱ्याला, घरांच्या मागे, जिथे नजर जाईल तिथे माड. तिथल्या नारळ प्राधिकरणाच्या अंदाजानुसार ३ कोटी ३० लाख माडांना वादळाचा फटका बसला आणि १० लाखांहून अधिक नारळ शेतकऱ्यांचे उत्पन्न बुडाले. काही माड मुळासकट उपटले गेले, काही मध्येच मोडले, काही उभे राहिले पण त्यांचा शेंडा पिळवटून निघाला. शेंडा गेला की माड संपला, त्याला दुसरी फूट नाही. उंच जातीचा नवा माड लावला तर फळ धरायला सहा ते आठ वर्षे जातात.

म्हणजे लाखो कुटुंबे उघड्यावर होती आणि त्यांच्याच परड्यात घराचे लाकूड आडवे पडलेले होते. मदत करणाऱ्यांना हे लगेच दिसले. पण हे लाकूड थांबून राहणारे नव्हते. माडाच्या ओल्या खोडात साखर आणि पिष्ट भरपूर असते. कापलेल्या तोंडावर काही दिवसांतच बुरशी धरते, बारीक छिद्रे पाडणारे किडे शिरतात आणि काही महिन्यांत खोड कुजायला लागते. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या तिथे पोसतात आणि भुंगे बाहेर पडून वादळातून वाचलेल्या माडांचे कोंब पोखरतात. त्यामुळे पडलेले माड चिरणे हे घरबांधणीइतकेच उरलेल्या बागा वाचवण्याचेही काम होते. त्यातच बेटांच्या या पूर्व भागात नोव्हेंबर ते जानेवारी हा सर्वाधिक पावसाचा काळ. लाकूड सुकवायला ऊन नाही, आणि लोकांना छप्पर तर आजच हवे.

कायद्याची बाजू

फिलिपिन्समध्ये माड तोडायला परवाना लागतो. १९९५च्या नारळ संरक्षण कायद्यानुसार उंच जातीचा माड ६० वर्षांचा आणि ठेंगू जातीचा ४० वर्षांचा झाल्यावर तोडता येतो. रोग पडलेले, वादळाने किंवा विजेने निकामी झालेले माड याला अपवाद आहेत. चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळी-करवत, बाळगायलाही २००२पासून नोंदणी लागते. याशिवाय २०११च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी नैसर्गिक जंगलातल्या तोडीवर बंदी घातली होती, त्यामुळे वादळाच्या आधीपासूनच स्वस्त लाकूड म्हणजे माडाचे लाकूड अशी स्थिती होती. तिथल्या बांधकामावर स्लॅबच्या फळ्या आणि टेकू सर्रास माडाचे असतात. तिथे त्याला कोको लंबर म्हणतात आणि ते कुठल्याही वखारीत मिळते.

त्यामुळे हे लाकूड तिथल्या लोकांना नवे नव्हते. पण स्लॅबखालचा टेकू चार आठवडे टिकला तरी पुरतो. घराचा वासा वर्षानुवर्षे टिकायला हवा. ज्या हातांना टेकूचे लाकूड चिरायची सवय होती त्याच हातांना आता घराचे लाकूड चिरायचे होते.

आणखी एक गाठ होती, तिची चर्चा कमी होते. तिथल्या नारळबागांत कसणारा एक आणि जमीन दुसऱ्याची, ही पद्धत जुनी आणि सर्वदूर आहे. उभ्या माडाच्या नारळाची वाटणी ठरलेली असते, पण आडव्या झालेल्या माडाचे लाकूड कोणाचे? कोकणातल्या खोत-कुळांचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला या प्रश्नाचे वजन वेगळे सांगायला नको.

खोडाच्या आत

माड हा एकदल वर्गातला, गवत आणि बांबूच्या गोतातला. साग-फणसासारखी दरवर्षी नवे लाकूड घालणारी थर-रचना त्याला नाही. म्हणून वयाची वलये नाहीत, फांद्या नाहीत म्हणून गाठी नाहीत, आणि सागात असतो तसा आतला पक्का भाग व बाहेरचा कच्चा भाग हा भेदही नाही. उलट माडात बाहेरचा भाग पक्का आणि आतला कच्चा.

ताजा कापलेला बुंधा जवळून पाहिला की हे स्पष्ट दिसते. कडेला दोन-तीन इंच गडद तपकिरी पट्टा, त्यात काळपट ठिपके एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसलेले. हे ठिपके म्हणजे उभ्या धाग्यांचे कापलेले तोंड. खोडाची सगळी ताकद या धाग्यांत आहे. आत सरकावे तसे ठिपके विरळ होतात, रंग फिका पडत जातो आणि मध्यभागी पांढरट, मऊ गर उरतो. अंगठ्याचे नख बाहेरच्या पट्ट्यावर उमटत नाही. मध्यभागी ते सहज रुतते आणि पाणी येते. शेंड्याकडे जावे तसा गडद पट्टा अरुंद होत जातो आणि वरच्या भागात जवळजवळ नाहीसा होतो.

आकड्यांत सांगायचे तर सुकलेल्या लाकडाची प्रतवारी अशी करतात: घनमीटरला ६०० किलोंच्या वर ते कठीण, ४०० ते ६०० मध्यम आणि ४०० च्या खाली हलके. एकाच खोडात हे तिन्ही असतात. वाकवण्याच्या चाचणीत कठीण लाकडाची ताकद हलक्याच्या सुमारे तिप्पट भरते. ओलाव्यातही असाच फरक आहे. बुंध्याकडच्या कठीण भागात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्मे पाणी, तर शेंड्याकडच्या गाभ्यात चौपट. त्यामुळे हलका भाग सुकताना आकसतो, पिळतो, कधी आतल्या आत खचतो.

झाडाच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे. वाऱ्यात झुलणाऱ्या खांबाला सगळ्यात जास्त ताण तळाशी आणि बाहेरच्या अंगाला येतो, आणि माडाने आपले बळ बरोबर तिथेच साठवलेले असते. अडचण आपली आहे. आपल्याला चौकोनी, एकसारखे तुकडे हवे असतात.

वयाचा मुद्दा इथे येतो. माडाचा बुंधा वयाबरोबर जाड होत नाही, पण धाग्यांच्या भिंती आतून जाड होत जातात. म्हणून साठीच्या पुढचा माड सर्वात कठीण. एरवी कायद्यामुळे करवतीखाली म्हातारे माडच यायचे. वादळाने वय पाहिले नाही. विशीतले, तिशीतले माडही पडले, आणि बाहेरून पाहता त्यांचा बुंधा म्हाताऱ्या माडाइतकाच जाड दिसतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात मोठा आणि सर्वात कमी ओळखला गेलेला धोका होता. नेहमीच्या अनुभवावर विसंबणारा कसबी करवत्याही इथे फसू शकत होता, कारण त्याच्या अनुभवातले लाकूड वेगळ्या वयाचे होते.

करवतीपाशी काय होते

मिंदानाओ बेटावर झांबोआंगा इथे फिलिपिन्सच्या नारळ प्राधिकरणाचे संशोधन केंद्र आहे. जुन्या माडांच्या लाखो खोडांचे करायचे काय, या प्रश्नावर तिथे १९७०च्या दशकापासून काम झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तिथे आशिया आणि प्रशांत महासागरातल्या देशांतल्या लोकांना प्रशिक्षण दिले गेले. १९७६मध्ये टोंगात आणि १९७९मध्ये फिलिपिन्समध्ये फक्त या विषयावर परिषदा भरल्या. खोड कसे चिरावे, कसे सुकवावे, कुठे वापरावे, याची उत्तरे १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार होती. मनिलात तर १९७८मध्ये सरकारी खर्चाने माडाचे लाकूड आणि करवंट्या वापरून अख्खा पाहुणचाराचा महाल उभारायला घेतला गेला, वास्तुविशारद फ्रान्सिस्को मान्योसा यांच्या हातून. ज्ञान नव्हते म्हणून काही अडले, असे म्हणता येत नाही.

झांबोआंगाची पद्धत अशी. खोडाचे तीन-चार मीटरचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या तोंडावर गडद पट्ट्याची आतली सीमा रंगाने आखायची. मग एका बाजूने गडद भागाची फळी काढायची, ओंडका फिरवायचा, दुसऱ्या बाजूने काढायची, असे चारी अंगांनी फिरत जायचे. मध्यभागी उरलेला फिका चौकोन बाजूला टाकायचा. बुंध्याचा तुकडा वेगळा, मधला वेगळा, शेंड्याचा वेगळा, अशा थप्प्या लावायच्या. करवतीला दातांवर टंगस्टन कार्बाइडची किंवा स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची टोके हवीत, कारण बाहेरचा पट्टा साध्या पोलादाची धार झटकन खाऊन टाकतो.

लेयतेच्या वाडीवाडीत जे करायचे होते ते यापेक्षा फार वेगळ्या परिस्थितीत. रस्ते बंद, वीज नाही. ओंडका गिरणीपर्यंत नेता येत नाही, म्हणून चेनसॉच ओंडक्यापाशी न्यायचा. करवत्या ओंडक्यावर सुताने रेघ मारतो आणि हातात धरलेल्या चेनसॉने उभे काप घेतो. कसबी माणसाचा हात इतका स्थिर असतो की दोन बाय चार इंचांचा तुकडा रंध्याशिवाय वापरता येतो. हे कौशल्य मोठे आहे, त्याचा मान ठेवायलाच हवा. पण घाईत सोपा मार्ग म्हणजे ओंडका न फिरवता एका दिशेने समांतर काप घेत जाणे. मग प्रत्येक तुकड्यात गडद आणि फिका भाग एकत्र येतो. अशा तुकड्याची एक कड तपकिरी आणि जड, दुसरी मलईच्या रंगाची. आठवड्याभरात फिकी कड निळसर काळी पडते. महिन्याभरात तो तुकडा धनुष्यासारखा वाकतो, कारण फिकी कड जास्त आकसते. हा तुकडा आता कुठल्याच प्रतीचा नाही. कठीण म्हणून वापरावा तर अर्धा मऊ, हलका म्हणून वापरावा तर अर्धे चांगले लाकूड वाया.

मजुरी मोजली जाते ती चिरलेल्या लाकडाच्या मापावर, बोर्डफुटावर (एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड लाकूड म्हणजे एक बोर्डफूट). दर एकच असेल तर गाभा टाकून देणाऱ्या करवत्याचे नुकसान आणि सगळे चिरून देणाऱ्याचा फायदा. एका पूर्ण वाढलेल्या माडातून घनमीटरच्या आसपास खोड मिळते. त्यातले सांगाड्याला लायक लाकूड निम्म्याहून बरेच कमी असते. हे आधी मान्य करून मजुरीचा दर प्रतीप्रमाणे ठरवला नाही तर प्रतवारी होणार नाही. मदतीच्या कामात 'इतके बोर्डफूट लाकूड वाटले' असा हिशेब ठेवला जातो, तिथे हा मुद्दा हमखास हरवतो.

वादळातल्या लाकडाची आणखी एक पारख लागते. वाऱ्याने मोडलेल्या खोडात मोडलेल्या जागेच्या वरखाली धागे आडवे चुरगळलेले असू शकतात, आणि चिरल्यावर वरवर पाहता ते कळत नाही. मोडलेल्या टोकाकडचा तुकडा सरळ सरपणाला टाकणे हाच शहाणपणा. उपटून पडलेल्या माडाचा बुंधा याबाबतीत जास्त भरवशाचा.

घर : जिथे ताकद लागते ती जागा

त्या काळात उभ्या राहिलेल्या साध्या घराचे रूप साधारण ठरलेले. १८ ते २० चौरस मीटर जागा, माडाच्या लाकडाचा सांगाडा, विणलेल्या बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर नालीदार पत्रे. स्थानिक भाषेत त्या तट्ट्यांना आमाकान म्हणतात. मदत संस्थांनी एकत्र येऊन घर सुरक्षित बांधण्याचे आठ सोपे नियम ठरवले होते. त्यांत पाया, तळापासून छपरापर्यंतची बांधणी, तिरपे आधार, मजबूत सांधे आणि चांगले छप्पर यांवर भर होता. यातल्या सांध्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माडाच्या लाकडाचा कस तिथे लागतो.

आपल्याला वाटते की छपराच्या रिपांना फारसे वजन पेलायचे नसते, वर हलका पत्रा असतो, म्हणून तिथे मधला किंवा हलका तुकडा चालेल. वजनाचा विचार केला तर हे बरोबर आहे. पण वादळात छप्पर खाली दबत नाही, वर खेचले जाते. पत्रा उचलला जाऊ नये म्हणून त्याचा खिळा रिपेत घट्ट बसायला हवा, रीप वाशाला घट्ट हवी आणि वासा खांबावरच्या तुळईला. हलक्या लाकडात खिळा सहज जातो आणि तितक्याच सहज निघतो. एका घराचे सगळे खांब उत्तम असले आणि रिपा गाभ्याच्या असल्या, तर पहिल्या मोठ्या वाऱ्यात पत्रे रिपांसकट उडणार नाहीत, रिपा सोडून उडतील. छप्पर गेले की वारा आत शिरतो आणि भिंती बाहेर ढकलतो. त्यामुळे वादळी भागात कठीण लाकूड कमी असेल तर ते आधी छपराच्या सांध्यांना द्यावे, आणि खांबांची संख्या किंवा जाडी वाढवून मध्यम लाकडाने काम चालवावे, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. चांगले लाकूड खांबाला, उरलेले वर.

कठीण लाकडाचीही एक अडचण आहे. त्यात टोकाजवळ खिळा मारला की ते उभे चिरते. म्हणून खिळ्यापेक्षा थोडे बारीक छिद्र आधी पाडून घ्यावे लागते. हातात गिरमिट किंवा ड्रिल नसेल तर सुतार ते करत नाही, आणि चिरलेला सांधा दिसायला पक्का वाटतो. लोखंडी पट्ट्या वाशावरून फिरवून दोन्ही बाजूंना खिळे मारले तर भार अनेक खिळ्यांत वाटला जातो. महत्त्वाच्या सांध्यांना बोल्ट घातले तर आणखी चांगले. पण घर ओल्या लाकडाचे असेल तर ते सुकून आकसते आणि बोल्ट सैल पडतात. तीन-चार महिन्यांनी पाना घेऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा लागतो. घर सोपवून संस्था निघून जाते तेव्हा हे सांगायला कुणी उरत नाही.

दुसरी जागा म्हणजे खांबाचे तळ. माडाचे कठीण लाकूडही मातीत पुरले तर कुजायला फार तर दोन-तीन वर्षे लागतात. दाबाखाली रसायन मुरवून हे टाळता येते, पण आणीबाणीत अशा टाक्या कुठून आणायच्या? बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवणे सोपे आणि माणसाला कमी अपायकारक आहे, फक्त पावसात ते धुऊन जाते. म्हणून छपराखालच्या लाकडाला ते उपयोगी, उघड्या खांबाला नाही. उरतो तो बांधणीचा उपाय. सिमेंटचा छोटा ओटा करायचा, त्यातून लोखंडी पट्टी वर काढायची आणि खांब त्या पट्टीला बोल्टने धरायचा, जमिनीपासून वीतभर उंच. छपराचे पागोळे खांबापासून लांब पडेल इतकी वळचण ठेवायची. अनेक ठिकाणी खांबाच्या टोकाला डांबर किंवा जळके ऑइल फासतात. सुकलेल्या लाकडाला त्याचा थोडा उपयोग होतो. ओल्या खांबाला फासले तर आतले पाणी आतच कोंडते आणि कूज लवकर धरते.

अशी काळजी घेतलेली घरेही योलांडासारख्या वाऱ्यात माणसांना आत बसवण्यासाठी नव्हती. ६ डिसेंबर २०१४ रोजी हागुपित वादळ त्याच पूर्व सामारमध्ये दोलोरेस इथे धडकले. तेव्हा लाखो लोकांना आधीच पक्क्या इमारतींत हलवले गेले आणि जीवितहानी फार कमी झाली. लाकडी घराकडून अपेक्षा इतकीच की ते साधी वादळे सहज झेलेल, मोठ्यात मोडले तरी त्याचे लाकूड पुन्हा वापरता येईल, आणि कुटुंबाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या वाड्या झोपवल्या. माड, पोफळी, त्यांवर चढवलेल्या मिऱ्या, मध्ये लावलेली जायफळे, सगळे एकावर एक. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले. दोन्ही वेळा पावसाळा तोंडावर होता आणि घरांची छपरे उडालेली होती. वाडी मोकळी करायची या एकाच विचाराने माडांचे तुकडे करून ढीग लावले गेले. त्यातले बाणवली जातीचे, पन्नास-साठ वर्षांचे कितीतरी बुंधे घराला लायक होते. ते लाकूड वाया गेल्याचे दुःख मला आजही आहे.

आपल्याकडची परिस्थिती लेयतेपेक्षा एका बाबतीत फार सोपी आहे. आपल्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या असतात. लाकूड लागते ते छपराला, म्हणजे आढे, वासे, रिपा आणि कैच्या. मातीला टेकणाऱ्या खांबाचा प्रश्नच बहुतेक घरांत येत नाही, आणि माडाचे लाकूड सर्वात जास्त टिकते ते छपराखाली, कोरड्या आणि वारा खेळत्या जागी. जुन्या घरांतले वासे टिकले त्याचे हेच कारण. ते म्हाताऱ्या माडाच्या बुंध्याचे होते, गाभा तासून टाकलेले होते आणि कौलांखाली कोरडे होते. केरळात आणि श्रीलंकेत ओंडके खाडीच्या खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवायची रीत होती. त्याने साखर-पिष्ट निघून जाते आणि किडा कमी लागतो.

म्हणून पुढच्या वादळाआधी तालुक्याच्या पातळीवर करण्यासारखे काम फार खर्चाचे नाही. कार्बाइडच्या दातांच्या साखळ्या, चेनसॉचे सुटे भाग आणि ओंडका धरायची साधी लोखंडी घडवंची यांचा साठा हवा. बोरॅक्सची पोती हवीत. वखारीतले आणि वाडीतले काही जण आधीच शिकलेले हवेत, ओंडक्याच्या तोंडावर रंगाचे वर्तुळ मारणे, फिरवून चिरणे आणि तीन थप्प्या लावणे. चिरलेले लाकूड ठेवायला शाळेची पडवी किंवा मंगल कार्यालयाचा मांडव, खाली विटा, प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या, जेणेकरून पावसाळ्यातही वारा फिरेल. मजुरीचा दर प्रतीप्रमाणे, आणि तो वादळाआधी ठरलेला. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रासारख्या संस्थेने आपल्या जातींच्या खोडांची घनता वयाप्रमाणे मोजून एक साधा तक्ता करून दिला, तर करवत्याला अंदाजावर चालावे लागणार नाही. पोफळीला मात्र हा हिशेब लावू नये. तिचे खोड बारीक आणि आतून जवळजवळ पोकळ, त्याच्या फोडलेल्या रिपा चांगल्या होतात, वासा होत नाही.

आणि टाकून दिलेल्या गाभ्याचे, शेंड्यांचे काय करायचे हेही त्याच दिवशी ठरवायला हवे. खोडाचा मोठा हिस्सा शेवटी सरपणच असतो. पावसात तो सुकत नाही, जळत नाही, आणि वाडीच्या कोपऱ्यात साचून राहतो. गेंड्या भुंग्याची अंड्यापासून भुंग्यापर्यंतची वाढ चार ते सहा महिन्यांत होते. म्हणजे जूनमध्ये लावलेल्या ढिगातून दिवाळीच्या सुमाराला भुंगे निघतात. ढीग बारीक तुकडे करून पसरावेत, किंवा त्यांवर मेटारायझियम ही हिरवी बुरशी सोडावी, म्हणजे अळ्या तिथेच मरतात. गणपतीपर्यंत हे काम उरकले पाहिजे.